तीन वेळा पडलेला गोरिला

महाकाय गोरिलाचा सिनेमा ‘किंग काँग’ जुना चांगला की नवा, असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, शेजारी बसायला माणूस हवा असतो. ‘दोन्ही पाठोपाठ बघू, मग ठरवू’ असं म्हणताना त्याने बेरीज केलेली नसते. १९३३चा मूळ सिनेमा १०० मिनिटांचा. पीटर जॅक्सनचा २००५चा १८७ मिनिटांचा. आणि जाणकार म्हणवून घ्यायचं असेल तर १९७६चाही बघावा लागतो, तो १३४. एकूण ४२१ मिनिटं, म्हणजे सात तास आणि वर एक मिनिट. ते एक मिनिट पाठ सरळ करायला लागतं.

तरीही बसायचंच असेल, तर आधी टीव्हीशी भांडून घ्यावं. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी चित्राचा आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. घरात कोणाला तरी ते बघवत नाहीत. रिमोट हातात येताच तो चित्र ताणून पडदाभर करतो. काँग तेवढ्याच उंचीत सव्वापटीहून जास्त रुंद होतो आणि फे रे या सडपातळ नटीचं वजन एका बटणात वाढतं. पट्टे राहू द्यावेत.

दुसरं भांडण जास्त महत्त्वाचं. सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा एक पर्याय असतो. प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळंच गोंडस बारसं केलेलं असल्याने तो चटकन सापडत नाही, पण शोधून बंद करावा. कारण जुना काँग म्हणजे साधारण १८ इंची पुतळा. आत धातूचा सांगाडा, खोबणीत फिरणाऱ्या गोळ्यांचे सांधे, वर सशाची केसाळ कातडी. पुतळ्यांच्या करामती सांभाळणाऱ्या विलिस ओब्रायनची मंडळी तो केसभर हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा केसभर हलवायची. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला १,४४०. खरा प्राणी पळताना फ्रेममध्ये जरा फरपटलेला, पुसट उमटतो. पुतळा मात्र प्रत्येक फ्रेमच्या वेळी गप्प उभा, म्हणून दर वेळी कडकडीत स्पष्ट. त्याची ती ठसकत येणारी चाल यातूनच आलेली आहे. टीव्हीने आपली अक्कल वापरून मध्ये जादा फ्रेम घुसडल्या की काँगच्या कडा विरघळतात, तो तेलावरून घसरल्यासारखा चालतो आणि बोल मात्र ओब्रायनला लागतो.

त्याच्या अंगावरची लव बघा. वारा नाही, पाऊस नाही, तरी ती सारखी सळसळते. पुतळा हलवताना दर वेळी बोटं वेगळ्या जागी टेकली, केस वेगळे दबले, आणि ते सगळं फिल्मवर उतरलं. बघताना वाटतं, रागाने केस पिंजारलेत! २००५च्या काँगचे केस संगणकाने हिशेबाने हलवलेत, चिखल लागला की ते चिकटतातसुद्धा. काम बिनचूक आहे, पण त्यात बोट कुणाचंच दिसत नाही. नव्याची खरी कमाई चेहऱ्यात आहे. काँग साकारणाऱ्या अँडी सर्किस या नटाच्या तोंडावर बारीक ठिपके लावून त्याच्या भुवया, ओठ, नाकपुड्या टिपल्या आणि गोरिलाच्या चेहऱ्यावर बसवल्या. त्या चेहऱ्यावर रुसवा दिसतो. जुन्याला फार तर डोळे वटारता येतात.

उंचीवरून वाद घालू नये. नवा २५ फुटांवर ठाम आहे. जुना आपल्या बेटावर १८ फुटी म्हणून बांधलेला, न्यूयॉर्कला आला की २४ फुटी होतो, कारण टोलेजंग इमारतींपुढे तो किरकोळ दिसेल अशी दिग्दर्शक कूपरला धास्ती. त्यात फे रेसाठी खऱ्या मापाचा अवाढव्य पंजा वेगळा केलेला. ती पंजात असली की काँग आणखी वाढतो. फूटपट्टी घेऊन बसणाऱ्याला घराबाहेर काढावं.

सबंध सिनेमे लावण्यापेक्षा प्रसंगांच्या जोड्या लावाव्यात, असं माझं मत. सगळ्यात चांगली जोडी टी. रेक्स या डायनोसॉरशी झालेल्या मारामारीची. जुन्यात एक काँग, एक टी. रेक्स. काँगने उचलून आणलेली मुलगी बाजूला, हात मोकळे. मग कुस्ती, बुक्के, पाठीवर चढणं आणि शेवटी जबडा फाडणं. मेलेल्याचा जबडा तो दोनदा हलवून बघतो, खरंच मेला ना म्हणून. आखाड्यातला पैलवान इतकी काळजी घेत नाही. जॅक्सनने टी. रेक्सचे काल्पनिक वंशज घेतले आणि तेही तीन. मुलगी हातातच ठेवली. मग ती या हातातून त्या हातात, हातातून पायात, मग सगळे दरीतल्या वेलींना लोंबकळतात आणि खाली उतरून परत तोच जबडा, परत तीच खात्री. कारागिरी अफाट आहे, पण तिसऱ्या डायनोसॉरपर्यंत माझी सगळी काळजी त्या मुलीच्या मानेला लागलेली असते. एवढ्या झटक्यांनी मणका जागेवर राहतो कसा?

वेळ नेमका कुठे जातो, ते ओंडक्याच्या प्रसंगात कळतं. दोन्हीत काँग ओंडका हलवून खलाशांना दरीत पाडतो. १९३३मध्ये खाली किडे-कोळी त्यांच्यावर तुटून पडतात असा भाग केलेला होता. गोष्ट अडते म्हणून कूपरने तो कापला आणि पुढे तो हरवलाच. जॅक्सनने ते सगळे किडे परत आणून आपल्या दरीत सोडले. जुन्यात पडलेला माणूस पडतो आणि सिनेमा पुढे जातो.

१९७६च्या काँगबद्दल थोडक्यात. ४० फुटी यांत्रिक काँग बांधला, तो पडद्यावर जेमतेम काही सेकंद दिसतो. बाकी बहुतेक भार रिक बेकर या मेकअप कलाकाराने गोरिलाचा पोशाख चढवून वाहिला. डायनोसॉर नाहीत, त्यांच्या जागी एक भलाथोरला साप आहे. हा काँग वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून पडतो, बाकीचे दोघे एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून.

शेवटची जोडी त्याच इमारतीवरची. काँग पडतो आणि त्याला शहरात आणणारा डेनहॅम दोन्ही सिनेमांत तेच म्हणतो: विमानांनी नाही, सौंदर्याने त्याला मारलं. हे वाक्य ऐकून गहिवरण्याआधी थोडं मागे न्यावं आणि विमानात कोण बसलंय ते बघावं. १९३३मध्ये कूपर आणि शूडसॅक, म्हणजे दोन्ही दिग्दर्शक. २००५मध्ये बंदूक धरलेला पीटर जॅक्सन. आणि नाव त्या बिचारीचं!