टाचेचा तंटा

कमरेत उसण भरली की पुण्यात माणूस सार्वजनिक मालमत्ता होतो. लिफ्टमध्ये, किराण्याच्या दुकानात, वाण्याच्या रांगेतल्या अनोळखी बाईंनीसुद्धा मला उपाय सांगितले. ओव्याची पुरचुंडी, रुईच्या पानांचा शेक, तिळाचं तेल, फळीवर झोपणं. पण "कशानं भरली हो?" या प्रश्नाला "गोल्फ खेळताना" असं उत्तर दिलं, की सहानुभूतीचा ओघ जागच्या जागी आटतो. गॅसचं सिलिंडर सरकवताना कंबर गेली तर माणूस संसारी ठरतो. गोल्फनं गेली, तर 'पैसे जास्त झालेत' हे समोरच्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येतं.

खरं तर गोल्फशी माझा संबंध नावापुरताच. मी मूळचा नाशिकचा. आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान आहे आणि त्यावर मी गोल्फ सोडून सगळं पाहिलंय: रणजीचे सामने, जाहीर सभा, आणि पहाटे कानटोपी घालून उलटे चालणारे ज्येष्ठ नागरिक. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीतले कर्नलसाहेब म्हणाले, "चला हो रेंजवर, मोकळ्या हवेत हिंडणं होईल." हिंडणं कसलं? ड्रायव्हिंग रेंजवर माणूस एका रबरी चटईवर उभा राहून बादलीभर चेंडू मारतो. हिंडतात ते चेंडू. माझे तेही फारसे हिंडले नाहीत.

तिथे मला दोन गुरू लाभले. एक अर्थात कर्नल, वय सत्तरीपार. दुसरा रेंजवरचा कोच, वय पंचविशीच्या आतबाहेर, मला 'काका' म्हणणारा आणि माझ्या प्रत्येक फटक्याचं मोबाइलवर चित्रीकरण करून तो मलाच संथ गतीत दाखवणारा. आपली पाठमोरी आकृती संथ गतीत पाहण्याचा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. तर या दोघांचा तंटा माझ्या डाव्या टाचेवरून. फटक्यासाठी गोल्फची काठी मागे नेताना टाच उचलायची, असं कर्नलांचं मत. ती जमिनीला खिळून ठेवायची, असं कोचचं. टाच माझी असली तरी तिच्याबद्दल मला कोणी विचारलं नाही.

हा वाद त्या दोघांचाही नाही, चांगला जुना आहे. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सच्या काळी काठीचा दांडा हिकरीच्या लाकडाचा असे. तो पीळ घ्यायचा, म्हणून झटका देऊन चालत नसे. सगळं अंग एकत्र, सावकाश फिरवायचं. टाच उचलली जायची, कंबर खांद्यांबरोबर वळायची, आणि फटका मारून झाल्यावर माणूस सरळ उभा असायचा. तशा स्विंगवर, म्हणजे काठी फिरवण्याच्या पद्धतीवर, जोन्सनं 1930 साली ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडच्या ओपन आणि हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ सोडून दिला. पोलादी दांड्याला अमेरिकेत 1924 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1929 मध्ये मान्यता मिळाली, आणि मग हळूहळू झटक्याचे दिवस आले.

आधुनिक पद्धत म्हणजे दोघांनी मिळून चादर पिळणं. एकानं आपलं टोक घट्ट धरायचं, दुसऱ्यानं पिळायचं. इथे पाय आणि कंबर हे धरलेलं टोक, खांदे हे पिळणारं. खांदे नव्वद अंश, कंबर त्याच्या निम्मी, आणि या दोन्हींतला फरक जितका जास्त तितका चेंडू लांब. हे अगदी खरं आहे, चेंडू जातो लांब. प्रश्न फक्त मधल्या चादरीचा असतो. कमरेचे पाचही मणके मिळून दहा-पंधरा अंशांपलीकडे वळत नाहीत. वळायचं काम मुळात खुब्यांचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं. खुबा अडवला आणि वरची पाठ खुर्चीत बसून बसून आखडलेली असली, की उरलेले अंश कमरेकडूनच वसूल होतात. वर फटक्याच्या क्षणी मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या साधारण आठपट दाब येतो, असं मोजलेलं आहे. मी पंच्याहत्तर किलोचा. म्हणजे सहाशे किलो. घरगुती गॅसची वीस भरलेली सिलिंडरं! आणि लोक मला म्हणतात, सिलिंडर सरकवताना भरली असती तर समजण्यासारखं होतं.

हे सगळं ज्ञान नंतरचं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं की कोचनं माझ्या उजव्या खुब्यामागे एक लांब पिवळी काठी जमिनीत रोवली आहे. "काका, कंबर काठीला लागता कामा नये. टाच खाली. फक्त खांदे." मी खांदे वळवले. "अजून." अजून वळवले. शर्टाचं खालचं बटण ताणलं गेलं, डाव्या दंडामागून मला चेंडू निम्मा दिसत होता. "अजून थोडं, काका, येतंय!" खरोखरच काहीतरी येत होतं. खाली येताना माझी काठी चेंडूच्या चार बोटं अलीकडे चटईवर आपटली, कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या आणि कमरेत डावीकडे कट्‌ असा आवाज झाला. चेंडू चटईच्या कडेपर्यंत घरंगळला आणि थांबला. मीही थांबलो, अर्धा वळलेला. कोच मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "टाच मस्त राहिली हं."

घरी पोचलो तेव्हा 'ही' काही बोलली नाही. हे जास्त वाईट. तिनं फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना फोन लावला. वहिनी पायाळू. पायाळू माणसानं पाय लावला की उसण उतरते, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. माझा विश्वास नाही, पण उताणं होता येत नसलेल्या माणसाच्या विश्वासाला विचारतो कोण? मला पालथं घातलं गेलं. वहिनी गेली दोन वर्षं सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून कर्नलांशी भांडताहेत आणि मी कर्नलांच्या गाडीतून रेंजवर जातो, हे त्यांना ठाऊक होतं. पाय 'लावण्याची' पद्धत असते. मला तो बसला.

शेवटी फिजिओकडे गेलो. तिनं मला खुर्चीवर बसवून, गुडघा न हलवता पाऊल बाहेर न्यायला सांगितलं. पाऊल जागचं हललं नाही. "खुबा आत वळतच नाहीये तुमचा. तुम्हाला तो आधुनिक स्विंग कोणी शिकवला?" मग तिची सूचनावली: आधी दहा मिनिटं चालणं आणि अंग मोकळं करणं, डावं पाऊल थोडं बाहेर वळवून उभं राहणं, काठी खांद्याच्या वर न नेणं, कंबर वळू देणं, आणि हो, टाच उचलणं. मारून झाल्यावर पाठ मागे कमानीसारखी वाकवायची नाही, सरळ उभं राहायचं.

कर्नलांना हे सांगायला नको होतं. जुन्या जमान्यातला गोल्फपटू सॅम स्नीड, त्यानं 1965 साली बावन्नाव्या वर्षी ग्रीन्सबरोची स्पर्धा जिंकली, तीही टाच उचलून, हे त्यांनी मला आठवडाभर ऐकवलं. कोचनंही माघार घेतली नाही. टायगर वुड्सकडे बघा म्हणाला. मी बघितलं. 2014 ते 2017 या काळात पाठीच्या चार शस्त्रक्रिया, चौथ्या वेळी कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला जोडून टाकला. सगळा दोष स्विंगचा नसेलही, आणि त्यानंतर 2019 मध्ये तो मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला हेही खरं. पण त्याच्याकडे चाळीसच्या पलीकडेही टायगर वुड्सचं शरीर होतं. माझ्याकडे बँकेत एकाच खुर्चीवर पस्तीस वर्षं बसलेलं आहे. माझं मत ठरलं: उचलायची.

आता टाच उचलून मारतो. चेंडू जवळ पडतो, पण सरळ जातो आणि दुसऱ्या दिवशी मला मोजे स्वतःचे स्वतः घालता येतात. कर्नल सगळ्यांना मला दाखवत, "क्लासिकल! याला म्हणतात क्लासिकल!" म्हणून सांगत असत.

असत, कारण गेल्या रविवारी कर्नल स्वतःच आडवे झाले. स्विंग जुना नाही की नवा नाही. गाडीच्या डिकीत वाकून, चौदा काठ्यांची पिशवी एका हातानं हिसकून बाहेर काढताना उसण भरली. मणक्याला त्यातली क्लासिकल पद्धत कळली नसावी. दोन दिवस त्यांनी मलम आणि लष्करी शिस्तीवर काढले. तिसऱ्या दिवशी रात्री दहाला माझी बेल वाजली. दारात कर्नल, भिंतीला धरून. आवाज एकदम खाली.

"त्या पायाळू वहिनी... दुसऱ्या मजल्यावरच्याच ना?"

मी फोन लावला. वहिनी दोन मिनिटांत हजर, पदर खोचूनच आल्या होत्या. कर्नल आमच्या दिवाणावर पालथे पडले आणि डावीकडे दुखतंय म्हणाले.

"दोन्हीकडे देते," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा कोण येणार?"