माळ कुणी बघायचा?

भाच्यानं म्हसवडच्या माळाची सहा चित्रं साताऱ्यात मांडली. बघायला आलेल्या एकानं तिथंच सुनावलं, 'टँकरचं पाणी पिणाऱ्यांचा दुष्काळ देखणा करून विकतोस?' दादालाही ते पटलं. फोनवर म्हणाला, 'कोकण काढ म्हणावं. नारळ, होड्या. रखरखाट भिंतीवर कोण लावतं?' दोन दिवस झाले, माझं डोकं शांत होत नाही.

इथं लोक लावतात. मी राहते त्या अमेरिकेतल्या टूसॉनमध्ये १९४६ साली मेनार्ड डिक्सन वारला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा हा चित्रकार नेवाडा, युटा, ॲरिझोनाची वाळवंटं रंगवत हिंडला. शेवटी दम्यानं बेजार होऊन हिवाळ्यापुरता इथं यायचा. त्याचं १९२५ चं 'क्लाउड वर्ल्ड' बघा. जमिनीची तळाशी जेमतेम पट्टी, बाकी सगळं आभाळ. बुडाशी सपाट कापलेले ढग रांगेनं चाललेत. म्हसवडवरून असेच ढग जातात. महाबळेश्वरला सगळं ओतून आलेले, आमच्यासाठी काही न उरलेले.

आणि दुष्काळ देखणा करणं म्हणाल, तर मंदीत, १९३४ साली, याच माणसानं 'फरगॉटन मॅन' काढलं. फुटपाथच्या कडेला खाली मान घालून बसलेला बेकार, मागं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे नुसते पाय. माणसाचं दुःख दिसणाऱ्यानं माळाकडं बघू नये, हा नियम कुणी केला?

हे सगळं दादाला ऐकवलं. तो एवढंच म्हणाला, 'तुझ्या नळाला पाणी आहे, ताई.'

आहे. कोलोरॅडो नदीचं, ५४० किलोमीटरच्या कालव्यानं आलेलं. जुलैत इथं मान्सून लागला की मी अंगणात खुर्ची टाकून ढग बघत बसते. म्हसवडला बारावीपर्यंत पाणी वाहिलं, तेव्हा ढगाकडं बघायचे ते पडेल का एवढ्यासाठीच. माळ सुंदर आहे हे मला तो सोडल्यावर कळलं, आणि त्याची मला लाज वाटते. पण पोरगा तिथंच राहतो. टँकर आला की ब्रश ठेवून घागर घेऊन पळतो. तरी त्याला माळ सुंदर दिसतो. त्याला कुणी दुष्काळ शिकवू नये.

सहातलं हिवराचं चित्र मी मागून घेतलंय. विहिरीच्या वाटेवरचा हिवर. त्याच्याखाली मी घागर टेकवायचे. त्याची सावली इतकी विरळ असते, हे मला आठवतच नव्हतं.