शाब्लीला जाताना अंगावर भरपूर सेंट मारावा

फ्रान्समध्ये वाइन चाखायला जाण्याचा आपला बेत असेल, तर गेल्या महिन्यात काही परिचितांना शाब्ली या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातल्या एका छोट्या बागायतदाराकडे घेऊन गेल्यावर मला सुचलेल्या या सूचना आपल्या उपयोगी पडतील.

पहिली तयारी हॉटेलच्या खोलीतच करावी. गाडीत शेजारी बसलेल्याचे डोळे चुरचुरतील इतका सेंट अंगावर मारावा. वाइनची चव म्हणून आपण जे समजतो त्याचा बराच भाग नाकालाच कळतो, ही क्षुल्लक बाब मनावर घेऊ नये. तळघरात शिरताच सर्वांच्या नाकांचा बंदोबस्त आपण एकट्याने करून टाकावा.

ठरलेल्या वेळेनंतर पाऊण तासाने पोहोचावे.

पोहोचताच लाल वाइन मागावी. शाब्ली ही केवळ पांढरी वाइन असते आणि ती शार्दोने या एकाच द्राक्षापासून करतात, असे यजमानाने नम्रपणे सांगितल्यावरही ‘थोडीसुद्धा नाही?’ असे पुन्हा विचारावे. प्ती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू, ग्रां क्रू असा हलकीकडून भारीकडे जाणारा क्रम तो लावू लागला, की थेट शेवटच्या बाटलीकडे बोट दाखवावे आणि पेला हातात आल्यावर बर्फ मागावा.

समोरच्या पिकदाणीकडे पाहून नाक मुरडावे. दिवसभरात डझनावारी वाइन चाखणारे जाणकार घोट तोंडात घोळवून, थोडी हवा आत ओढून तो थुंकतात, कारण त्यांना शेवटच्या पेल्यापर्यंत शुद्धीवर राहायचे असते. आपल्याला तशी काही निकड नसते.

यजमान बोलत असताना त्याला मधेच थांबवून ज्ञान द्यावे. 1976 साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनीच कॅलिफोर्नियाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला, हे त्याला ऐकवावे. जणू ही बातमी अजून त्याच्या गावात पोहोचलेली नाही. मग बोर्दोचा तो प्रसिद्ध प्रयोग काढावा. 2001 साली प्रकाशित झालेल्या त्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी लाल रंग मिसळलेल्या पांढऱ्या वाइनचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले होते. तेव्हा चाखणे वगैरे सगळे थोतांड आहे, असे त्याच्याच पेल्यातून पीत त्याला सांगावे. वास्तविक त्या प्रयोगातून डोळे नाकाला फसवतात एवढेच दिसते, आणि ते ठाऊक असल्यामुळेच गंभीर परीक्षणात बाटल्या झाकतात, काळे पेले वापरतात. 1976 चे परीक्षणही बाटल्यांची ओळख लपवूनच झाले होते, म्हणून तर त्या निकालाला किंमत आली. पण मोबाइलवर अर्धी चित्रफीत पाहून आलेल्या विद्वानाला उरलेली अर्धी कोण सांगणार? त्या यजमानाने फळीवरून दगडाचा एक तुकडा काढून, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या चिमुकल्या कालवांचे शिंपले त्यात कसे दिसतात आणि त्याची बाग याच दगडावर कशी उभी आहे, हे बोट फिरवून दाखवले. आमच्या विद्वानाने तो तुकडा मेजावर उभा केला आणि त्याला मोबाइल टेकवून स्वतःचे चित्रीकरण सुरू केले.

शेवटी अर्धा डझन बाटल्या उघडायला लावून, किंमत विचारून, ‘इतकी महाग?’ म्हणावे आणि काही न घेता निघावे.

आता सूचना पुरे. अहो, चाखण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत याचा अर्थ ती खानावळ होती असा नव्हे. एप्रिल 2021 मध्ये तापमान शून्याखाली गेले तेव्हा या लोकांनी कोवळे कोंब वाचवण्यासाठी रात्ररात्र बागेत मेणाचे डबे पेटवले, कुठे कोंबांवर पाणी फवारून बर्फाचेच कवच चढवले, तरीही त्या वर्षीचे पीक बरेचसे गेले. मे 2024 च्या गारपिटीबद्दल तो सांगत होता तेव्हा तुमच्यापैकी ज्याने उघड जांभई दिली, त्याच्या सख्ख्या काकांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे! गारपीट म्हणजे काय, हे त्याला मी समजवायचे? एक बाटली, साध्या शाब्लीची एक बाटली घ्यायला तुमचे हात आखडले, आणि परतताना पेट्रोलपंपावरच्या दुकानातून आयफेल टॉवरची चुंबके मात्र पिशवी भरून घेतलीत. त्या माणसाच्या दारात मी आता कोणत्या तोंडाने जाऊ? पुढच्या वेळी फ्रान्सला याल तेव्हा खुशाल टॉवर पाहा, चुंबके घ्या, पण मला फोन करू नका.