दर शनिवारी, साडेचार ते सात

गेल्या आठवड्यात आमच्या डिपार्टमेंटमधल्या एका ज्युनिअर मुलीनं विचारलं, "तू स्टॅटिस्टिक्सची, मग दर शनिवारी दादरला कसला क्लास लावलायस?" बस आली होती. मी "लिहिण्याचा" एवढंच म्हणून धावले. पण तो क्लास नाही, आणि तिला नीट उत्तर द्यायचं राहून गेलं हे तेव्हापासून मनात आहे. म्हणून इथे लिहिते. लांबेल, पण वाचा.

मी मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. राहते डोंबिवलीला. शनिवारी प्रॅक्टिकल उरकलं की सांताक्रूझहून लोकल पकडून दादर गाठते. तिथल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. दोन पंखे, भिंतीला कपाटं, कपाटांत मासिकांचे बांधीव अंक, मधे लांब टेबल. साडेचारला आम्ही नऊ-दहा जण जमतो. महापालिकेच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या एक नर्स आहेत, त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. गिरगावात छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासलेले आप्पा आहेत. बँकेत नोकरी करणाऱ्या एक ताई, परळला मामाकडे राहून बी.कॉम. करणारा सावंतवाडीचा एक मुलगा, मराठीत एम.ए. करणाऱ्या दोघी. फी नाही. चहाचे आणि झेरॉक्सचे पैसे वाटून घेतो.

पद्धत साधी आहे. दर वेळी दोघं किंवा तिघं वाचतात. हजारेक शब्दांचा मजकूर, प्रत्येकाच्या हातात त्याची प्रत. वाचून झालं की दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग एकेकानं सांगायचं, कुठे कान टवकारले आणि कुठे लक्ष उडालं. ज्यानं लिहिलंय त्यानं शेवटपर्यंत गप्प बसायचं. "मला खरं तर असं म्हणायचं होतं" हे वाक्य आमच्याकडे चालत नाही, कारण वाचकाशेजारी लेखक बसलेला नसतो. आणखी एक शब्द चालत नाही: छान. छान वाटलं असेल तर कुठल्या ओळीला, ते बोट ठेवून दाखवायचं.

मला सुरुवातीला हे फार कोरडं वाटलं. आपल्याकडे दाद देण्याची केवढी मोठी परंपरा आहे, आणि मला ती मनापासून आवडते. कविसंमेलनात एखाद्या ओळीला सगळं सभागृह एकदम "वा" म्हणतं तेव्हा अंगावर काटा येतो. पण दाद मिळते ती झालेल्या कवितेला. अर्ध्या कच्च्या, खोडाखोड केलेल्या कागदाला दाद काय द्यायची? त्याला हवा असतो शेजारी बसून वाचणारा माणूस. तसा माणूस मला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत भेटला नव्हता. शाळेत निबंधाला दहापैकी आठ मिळायचे, दोन का गेले ते कोणी सांगितलं नाही.

मी पहिल्यांदा वाचलं ते आईवर. आई डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र चालवते, नऊ वर्षं झाली. माझ्या लेखात कष्टाचे डोंगर होते, मायेची ऊब होती, तव्यावरच्या वाफेत विरून गेलेली स्वप्नं होती. वाचताना माझाच गळा दाटून आला. दोन मिनिटं शांतता. मग सिस्टर म्हणाल्या, "मला तुझी आई दिसली नाही गं. दिवसाला किती पोळ्या होतात? हात कुठे दुखतो तिचा, मनगट की खांदा?"

मला माहीत नव्हतं. ज्या घरात त्या पोळ्यांवर माझी फी भरली जाते, त्या घरात राहून मला आकडा माहीत नव्हता, आणि मी आकड्यांचंच शिकते. खरं सांगते, रागही आला होता. पुढचा शनिवार चुकवायचा असं डोंबिवलीला उतरेपर्यंत ठरलंही होतं. पण सोमवारी पहाटे चारला आईबरोबर उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले.

किलोभर कणकेचे चाळीसेक उंडे होतात. वजनकाटा शेजारी पडून असतो, ती वापरत नाही, हाताला कळतं म्हणते. डाव्या बाजूला पिठीचा डबा, उजवीकडे तवा. पोळपाट किंचित तिरका, खाली घडी घातलेलं फडकं, म्हणजे लाटताना खांद्यावर कमी जोर येतो. दुखतो तो खांदा, मनगट नाही. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे डाग आहेत, जुने फिकट, नवे तांबूस. मी लहानपणापासून तो हात बघत आले होते आणि डाग कधी मोजले नव्हते. सोमवारी एकशे साठ पोळ्या झाल्या.

पुढच्या शनिवारी हे सगळं लिहून नेलं. या वेळी सगळ्यांची मान वर होती, मला वाचतानाच कळत होतं. शेवटी आप्पांनी एकच प्रश्न विचारला. "आई काय म्हणते, पोळी?"

नाही. आई चपाती म्हणते. ती मूळची साताऱ्याकडची, आमच्या घरात कायम चपातीच. पोळी म्हटलं की आमच्याकडे पुरणपोळी. पण दुकानावर पाटी आहे पोळीभाजी केंद्र, कारण गिऱ्हाईक पोळी म्हणतं. आई ओट्याशी उभी असते तेव्हा चपात्या करते आणि दोन पावलं चालून काउंटरला आली की पोळ्या विकते. नऊ वर्षं हे माझ्यासमोर चाललंय. आणि मी लिहायला बसले की आपोआप पोळी लिहीत होते, कारण पुस्तकात पोळी असते. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते माझ्या हातात कधी येऊन बसलं, मला कळलंही नाही.

मराठीवर प्रेम आहे असं मी आधीही म्हणत होते. पण माझ्या आईचा शब्द माझ्या मराठीत बसत नाही हे मला त्या दिवशी दिसलं. आप्पांनी त्यावर काही भाषण केलं नाही. पेन्सिलीनं समासात छोटी फुली मारून कागद परत दिला, तशी फुली त्यांनी हजारो मुद्रितांवर मारली असेल. मी घरी जाऊन सगळा लेख पुन्हा लिहिला. ओट्याशी चपाती, काउंटरवर पोळी. बाकी काही न सांगता ते दोन शब्दच सांगायला लागले. सावंतवाडीच्या मुलालाही असंच झालं. त्याच्या गोष्टीतली आजी मालवणी बोलायची आणि तो प्रत्येक वाक्यानंतर कंसात प्रमाण मराठी द्यायचा. सिस्टर विदर्भातल्या, मालवणीशी काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, "मला सगळं कळतंय रे, काढ ते कंस." त्यानं काढले. आजी एकदम मोठी झाली.

आता माझं खरं म्हणणं. या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे "दर". दर शनिवारी.

आपण कॉलेजात लिहिणाऱ्या मुलांना काय देतो? वार्षिकांक देतो, वर्षातून एकदा. युवा महोत्सव देतो, तिथे कथाकथन, वक्तृत्व, वादविवाद असतात, सगळं मंचावर आणि शेवटी नंबर. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, ग्रंथदिंडी काढतो, फेटे बांधतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते आणि मला खरोखर आनंद झाला होता. हे सगळं असावं. पण यातलं काहीही पुढच्या आठवड्यात परत येत नाही. वार्षिकांकात माझी कविता छापून आली होती, एफवायला. ती वाईट होती. हे मला सांगेल असा एकही माणूस त्या व्यवस्थेत नव्हता, आणि सांगितलं असतं तरी दुरुस्त करून दाखवायला जागा नव्हती, कारण पुढचा अंक वर्षानं.

आठवडा हे माप फार बरोबर आहे. सात दिवसांत ऐकलेलं विसरायला होत नाही आणि लागलेलं थोडं निवतं. वाईट लिहिलं तर ते एका शनिवारपुरतं वाईट असतं. आमच्या बिल्डिंगमागच्या देवळात दर गुरुवारी भजन असतं. मृदंगवाले काका रिक्षा चालवतात. आज मूड नाही म्हणून ते गुरुवार चुकवत नाहीत. हात तयार राहतो तो त्यामुळेच. लिहिणाऱ्यांनीच स्फूर्तीची वाट का बघत बसायचं?

आणि हे काही नवीन नाही. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ झालं, ती मंडळी रविवारी जमून एकमेकांच्या कविता ऐकत. कवी अरुण कोलटकर काळा घोड्याजवळच्या वेसाइड इन या रेस्टॉरंटमध्ये मित्रांबरोबर बसायचे, तो वार गुरुवार. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाबद्दल मी इथे आल्यावर वाचलं. तिथल्या खोल्यांमध्ये तरुण मुलं राहत होती, वाचत होती, एकमेकांशी भांडत होती, आणि १९७२ साली दलित पँथर ही संघटना उभी राहिली तेव्हा त्या लिहित्या मुलांतलीच काही नावं पुढे होती. ती विद्यार्थी वयाची मुलं होती, हे वाचताना मी थांबले होते. आपण पुस्तकं वाचतो, लेखकांच्या जयंत्या करतो, आणि त्यांच्या आठवड्यातला तो एक ठरलेला वार विसरतो.

सगळे गट चांगले असतात असं मी म्हणणार नाही. याआधी मी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. तिथे काहीही टाकलं की तीस फुलं यायची. वर्षभरात मी एक ओळही सुधारले नाही. नंतर एका ठिकाणी दोनदा गेले, तिथे एक ज्येष्ठ गृहस्थ प्रत्येकाच्या लेखनावर चाळीस मिनिटं बोलायचे आणि मुलींनी "जरा हळुवार" लिहावं असं सुचवायचे. तिसऱ्यांदा गेले नाही. तुम्हाला असा गट मिळाला तर तुम्हीही जाऊ नका, आणि त्यावरून आपल्याला लिहिता येत नाही असा निष्कर्ष काढू नका. आमच्या गटातसुद्धा एक चूक झाली आहे. एक मुलगा होता, कविता करायचा, फारच कमी बोलायचा. एका शनिवारी आम्ही तिघा-चौघांनी त्याच्या एकाच कवितेतले दोष ओळीनं सांगितले, प्रत्येक जण खरं बोलत होता, आणि तो परत आला नाही. मीही त्या चौघांत होते. तेव्हापासून पहिलं बोलणाऱ्यानं आधी जिवंत ओळ सांगायची असं ठरलंय. त्याला मी दोनदा मेसेज केला. उत्तर आलं नाही.

चौदा महिन्यांत मी शेहेचाळीस शनिवार गेले. बाकीचे परीक्षा, गणपती, आणि दोनदा कुर्ला-सायनला रुळांवर पाणी. सतरा वेळा वाचलं. त्यातलं मला आज दाखवावंसं वाटतं असं तीन-चार पानं असेल. पण माझं वाचणं बदललं, ऐकणं बदललं. प्रोजेक्टचा अहवाल लिहितानासुद्धा आता मी विचारते, हा आकडा कोणाचा आहे, तो कोणी मोजला, मोजताना कुठे उभा होता.

विद्यापीठाकडे आणि कॉलेजांकडे माझं एकच मागणं आहे. अनुदान नको, पाहुणे नकोत, प्रमाणपत्रं नकोत. आठवड्यातून एकदा अडीच तास एक खोली द्या, पंखा चालू असलेली, आणि शिपायाला सांगा की सातपर्यंत कुलूप लावू नको. मुंबईत जागा हीच सर्वांत महाग गोष्ट आहे. आमचं वाचनालय आम्हाला ती खोली फुकट देतं, म्हणून आम्ही आहोत. सायन्स आणि कॉमर्सच्या मुलांनाही बोलवा. मराठीच्या विद्यार्थ्यांनीच मराठीत लिहावं असं कुठे लिहिलंय?

आणि त्या ज्युनिअर मुलीला: तू ये. पहिल्या दिवशी वाचावं लागत नाही, नुसतं ऐकलंस तरी चालतं. कलिन्याहून आपण बरोबर निघू.

या शनिवारी माझी पाळी आहे. आईच्या हिशोबाच्या वहीबद्दल लिहितेय, उधारीच्या पानांबद्दल. काल रात्री आईला वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत गप्प होती, तिला आमचा नियम कोणी सांगितलेला नाही. मग म्हणाली, "किलोला चाळीस नाही, बेचाळीस. मोजून करते मी. आणि त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं नाव काढ. लॉकडाऊनमध्ये त्यांच्याकडे पैसे नव्हते, म्हणून राहिले. लोकांना कशाला कळायला हवं?" नाव काढलं तर तो परिच्छेदच उभा राहत नाही, कारण सगळं त्या बाईंच्या डब्याभोवती आहे. आईचं बरोबर आहे. आज गुरुवार, शनिवारपर्यंत तो नव्यानं लिहायचाय.