कुजायचं ते कापडाने, दोराने नव्हे

नमस्कार दादा,

शिणाण्यांच्या, म्हणजे खाडीत दोरावर वाढवायच्या शिंपल्यांच्या शेतीत दोर आणि कापड दोन्ही कुजणारं वापरा, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'काथ्याचा दोर कुजतो आणि हातातोंडाशी आलेले शिणाणे तळाला जातात. विघटनशील म्हणजे दुप्पट भाव, निम्मं आयुष्य. खाडीत न उतरणाऱ्यांचे हे चोचले,' असं तुमचं म्हणणं. दोराबद्दल तुम्ही बरोबर आहात. लेखात मी दोर आणि कापड एकाच दावणीला बांधले, ती चूक माझी.

कापडाचा मुद्दा मात्र सोडणार नाही. केरळात कासरगोडकडच्या पडन्ना भागात काय करतात बघा. नोव्हेंबर-डिसेंबरात खडकावरचं बी, म्हणजे शिणाण्यांची पिल्लं, आणायचं, दोराभोवती पसरायचं, वरून सुती मच्छरदाणीचं कापड गुंडाळून सुईने शिवायचं. बी घसरू नये म्हणून दोरात मध्ये मध्ये बांबूच्या खुंट्या. दोर पाण्यात सोडला की शिणाण्यांना धाग्यांची दाढी फुटते, तिने ते दोर धरतात, आणि काही दिवसांत कापड विरून जातं. ते विरलं नाही तर वाढणारा जीव आत चेंगरेल. तेव्हा कुजणं हेच त्या कापडाचं काम. दोराला मात्र एप्रिल-मेपर्यंत, पावसाचं गोडं पाणी खाडीत भरण्याआधी काढणी होईतो, सगळा भार पेलायचा असतो.

काथ्या कुठे चालतो ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिसतं. तिथे पिल्लं लागलेला काथ्याचा दोर समुद्रात रोवलेल्या लाकडी खांबाभोवती गुंडाळतात. पिल्लं सरकत खांबावर बस्तान बसवतात. मग दोर कुजला तरी कोणाचं काही अडत नाही. उलट इटलीत एड्रियाटिक समुद्राकडे शिंपल्यांना पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या नळीदार जाळ्या घालतात. त्यांचे तुकडे तिकडच्या किनाऱ्यांवर कचऱ्यात जागोजाग सापडतात. पाणी गाळून पोट भरणाऱ्या प्राण्याच्या शेतीत हे असं!

आणखी एक माघार. मक्यापासून केलेल्या पीएलए नावाच्या प्लास्टिकच्या जाळीचं मी लेखात कौतुक केलं होतं. ते प्लास्टिक नीट कुजायला कारखान्यातल्या कंपोस्टची साठेक अंश उष्णता लागते. आपली खाडी तिसाच्या आसपास. तिथे ते नायलॉनसारखंच वर्षानुवर्षं पडून राहील. 'मक्याचं' या शब्दाला मी भुललो.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मीच काढतो. काथ्यासाठी केरळच्या कायलांत, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खाऱ्या जलाशयांत, नारळाची सोडणं महिनोन्महिने कुजत घालतात. त्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, प्राणवायू संपतो आणि तळाच्या तिसऱ्याच मरतात. म्हणजे शिंपल्यांसाठी आणलेला काथ्या दुसरीकडे शिंपल्यांच्याच मुळावर. काथ्या घ्यायचाच तर तो न कुजवता, यंत्रावर सोललेल्या सोडणाचा घ्यावा.

तुम्ही विचारलंत, 'मग घ्यायचं काय?' दोर नायलॉनचाच घ्या. काढणीनंतर घासून, वाळवून पुढच्या हंगामाला वापरा. तुटका तुकडा खाडीत टाकू नका, घरी आणा. कापड सुती. पण दुकानात 'सुती' म्हणून देतात ते पुष्कळदा पॉलिएस्टरमिश्रित निघतं. घेण्याआधी एक धागा ओढून त्याला काडी लावा. मऊ राख झाली तर कापूस. टोकाला कडक गोळी झाली तर तिथल्या तिथे परत करा.