काका, तुमची आई चुकीचं म्हणत नव्हती

काका, तुमची कमेंट परवा रात्रीच वाचली आणि लगेच उत्तर टाईप करायला घेतलं होतं, पण म्हटलं घाई नको, आधी आईची वही काढू, कॅसेट परत एकदा नीट ऐकू आणि मगच लिहू. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, 'ऐलमा पैलमा गणेश देवा' या भोंडल्याच्या गाण्यावरची माझी पोस्ट वाचून कळव्याच्या एका काकांनी बरंच सुनावलंय. गाणं सरळसरळ ज्ञानेश्वरांच्या काळचं आहे, शब्दच सांगतात, मग मी वयाबद्दल मोघम का लिहिलं, आणि कॅसेटवर शुद्ध गाणं मिळत असताना ऐरोलीतल्या बायकांच्या वेगवेगळ्या ओळी छापून आजच्या मुलींचा गोंधळ का वाढवला, आणि त्या कॅसेटला मी 'पहिलं रेकॉर्डिंग' म्हटलं त्याला आधार काय.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी कव्हरवर छापलेलं साल बघितलं आणि लिहून टाकलं. पण ते साल त्या कॅसेटचं असतं, गाण्याचं नाही आणि कित्येकदा रेकॉर्डिंगचंही नाही. एकच रेकॉर्डिंग आधी तबकडीवर येतं, मग कॅसेटवर, मग सीडीवर, आता ॲपवर, आणि दरवेळी त्याला नवीन साल चिकटतं. 'पहिलं' हा शब्द पोस्टमधून काढलाय, तुमचे आभार.

आता वयाचं. 'पैल' हा शब्द जुना आहेच, 'पैल तो गे काऊ कोकताहे' सगळ्यांना पाठ आहे. पण शब्द जुना म्हणून गाणं तेवढंच जुनं असं होत नाही ना, पैलतीर तर आपण आजही म्हणतो. आणि त्याच गाण्यात पुढे काय येतं बघा, 'पारवं घुमतंय बुरजावरी'. बुरूज हा मूळचा अरबी शब्द, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ज्ञानेश्वरी 1290 ची, अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला 1296 मध्ये, आणि मराठीत फारसी शब्दांचा लोंढा आला तो त्यानंतर. म्हणजे ती ओळ आज आपण जशी म्हणतो तशी ज्ञानेश्वरांच्या काळात म्हटली जात असणं अवघड दिसतं. अर्थात तिथे आधी दुसरा शब्द असेल आणि गाव बदललं, वेशीला बुरूज आले तसा गाण्यातला शब्दही बदलला असेल, हेही होऊ शकतं. म्हणून मी मोघम लिहिलं. बायका गात होत्या याचा पुरावा हवा असेल तर तो ज्ञानेश्वरांच्याही आधीचा आहे, सोमेश्वर चालुक्य राजाच्या 1129 च्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात लिहिलंय की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. पण कुठल्या ओव्या ते त्याने लिहून ठेवलं नाही.

आणि 'आजी म्हणायची म्हणजे पारंपरिक' हेही जपूनच घ्यायला हवं. 'घाल घाल पिंगा वाऱ्या' कित्येक भोंडल्यांत लोकगीत म्हणून म्हणतात, पण ती कृ. ब. निकुंबांची कविता आहे.

माझा खरा जीव अडकलाय तो तुमच्या 'शुद्ध' या शब्दात. गेल्या नवरात्रात ऐरोलीला मैत्रिणीच्या सोसायटीत भोंडला होता, पार्किंगमध्ये पाटावर खडूने हत्ती काढलेला, फेर धरलेला, आणि कुणीतरी स्पीकरवर ट्रॅक लावला. साताऱ्याकडच्या एक काकू 'हादग्या तुझी सोळा वर्षं' म्हणत होत्या (तिकडे भोंडल्याला हादगा म्हणतात), पुण्याच्या दोघी 'भोंडल्या तुझी', जळगावच्या एक आजी आधी नुसत्याच बघत उभ्या होत्या कारण त्यांच्याकडे भुलाबाई असते, शंकर-पार्वतीच्या मूर्ती मांडतात, आणि 'आमच्या गावच्या भुलोजी बायका' ही ओळ आली तशा त्या एकदम पुढे आल्या आणि म्हणाल्या, अगं हा तर आमचा भुलोजी! तो भुलोजी पुण्याकडच्या गाण्यात कुठून आला यावर त्या दिवसापासून माझा विचार चालूच आहे, कारण आपल्याकडे भोंडल्यात कुणी भुलोजी बसवत नाही. खानदेश-विदर्भातली भुलाबाई आणि इकडचा भोंडला कधीतरी एकमेकांना भेटलेत, त्याची खूण त्या ओळीत राहिलीय असं मला ठामपणे वाटतं. तसंच सोळाचं. हादगा हस्त नक्षत्र लागलं की बसतो तो सोळा दिवस, आणि हस्ताचा पाऊस पडतो तेव्हा शेतात लोंब्या असतात म्हणून 'थेंबोथेंबी आडव्या लोंबी'. आपल्या ठाण्यात भोंडला नऊ दिवसांचा, आता तर एका संध्याकाळीच उरकतो, पण गाण्यातले सोळा तसेच राहिले. हे सगळं एका 'शुद्ध' पाठावर बोट ठेवून बसलो असतो तर दिसलंच नसतं.

आता आईची वही. नौपाड्यातल्या शाळेत असताना तिने लिहून घेतलेली, दोनशे पानी, शिवण सुटलेली. त्यात निळ्या शाईत आहे 'आयुष्य दे रे भामाळी', आणि 'भामाळी' वर एक रेघ मारून वरती काळ्या शाईत 'वनमाळी'. मी विचारलं तेव्हा म्हणाली, अगं भामाळी म्हणजे काय ते बाईंनाही माहीत नव्हतं, म्हणून बाईंनी सांगितलं वनमाळी लिहा. आणि ते बसलं कसं बघा, कारण हे गाणं अर्थाच्या नाही, आवाजाच्या साखळीवर चालतं. टाळी, भामाळी, मग लगेच 'माळी गेला शेताभाता'. पुढच्या ओळीला फक्त माळी हवा असतो, मग मागे भामाळी असो, ब्रह्माळी असो नाहीतर वनमाळी, फेर थांबत नाही. दोन शाया एकाच पानावर, आणि पाठ कसा बदलतो ते माझ्या डोळ्यासमोर.

कॅसेटमध्ये वनमाळीच आहे. शिवाय 'अतुल्या मतुल्या' चा शेपटाचा भाग गाळलाय. जुन्या 78 आरपीएम तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं बसायची, आणि गाणं तेवढ्यात संपवायची सवय कॅसेटवर जागा असूनही गेली नाही. रिंगणात मात्र घाई नसते, पोरींना दम लागेपर्यंत चालतं. मी कॅसेटला नावं ठेवत नाहीये, माझं बालपण त्यावर गेलंय. पण ते एका गायिकेने एका स्टुडिओत एका दिवशी गायलेलं गाणं आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम गी पॉइटविन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी केलं ते बघा, हजारावर गावांमधून लाखभर ओव्या, आणि ओवीबरोबर बाईचं नाव, गाव. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या साईटवर ऐकायला मिळतात. तिथे शेजारच्या गावची बाई वेगळं म्हणते म्हणून कुणाला खोडलेलं नाही.

आणि काका, तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, 'माझी आई वेशीच्या घरी म्हणायची, कॅसेट ऐकल्यावर कळलं की ती चूक होती, वेशीच्या दारी हवं.' ती ओळ वाचून मला फार वाईट वाटलं, खरं सांगते. 'माझा खेळ मांडिला वेशीच्या घरी, पारवं घुमतंय बुरजावरी'. घरी आणि वरी, मोठ्याने म्हणून बघा, दारीपेक्षा यमक जास्त घट्ट बसतं. अर्थ लावणाऱ्याला दार बरं वाटेल, कारण वेशीला दार असतं, घर कसं असेल. पण फेर धरलेल्या मुलीच्या कानाला घरीच बरं लागतं, आणि 'घरी' म्हणणाऱ्या मला आत्तापर्यंत पाच जणी भेटल्यात, त्यातल्या दोघी कोल्हापूरकडच्या.

तुमच्या आईचं माहेर कुठलं ते कळवा. आणि 'दुधोंडे' च्या ओळीला ती काय म्हणायची ते आठवत असेल तर फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, चाल आठवेल तशी चालेल, मध्ये अडखळलात तरी तसंच राहू द्या. पोस्टमध्ये 'घरी' चा पाठ वर घेतलाय, खाली फक्त गावाचं नाव घालायचं बाकी आहे.