बटबटीत सेटवरून निकाल नको

'लिल ॲब्नर' (१९५९) हा अमेरिकन संगीतमय सिनेमा म्हणजे नुसता रंगीबेरंगी धिंगाणा, असं तुमच्या त्याच्यावरच्या लेखात म्हटलंय. पटलं नाही बुवा. सेट बटबटीत आहेत, मान्य. पण सिनेमा मुळात ॲल कॅपच्या वर्तमानपत्री चित्रमालिकेवरचा (व्हाया ब्रॉडवेवरचं संगीत नाटक!), तिथे खरीखुरी झाडं कशाला हवीत?

आणि कथानक बघा की. अणुबाँबच्या चाचणीसाठी देशातलं सगळ्यात बिनकामाचं गाव म्हणून सरकार नायकाचं डॉगपॅच निवडतं. नेवाडाच्या वाळवंटात १९५१पासून खऱ्या चाचण्या सुरू झाल्या होत्या, म्हणजे प्रेक्षकाला हा विनोद चांगलाच झोंबणारा. 'माझं भलं ते देशाचं भलं' मानणारा उद्योगपती जनरल बुलमूज तर जनरल मोटर्सचे माजी प्रमुख आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचे संरक्षणमंत्री चार्ल्स विल्सन यांना मारलेला सरळ टोमणा. शिवाय गावाचा आदर्श कोण, तर प्रत्येक लढाईत माती खाल्लेला सेनापती कॉर्नपोन! त्याच्यावरच्या गाण्याला जॉनी मर्सरचे शब्द आणि स्टबी केचा आवाज, त्या एका गाण्यासाठी तरी पुन्हा बघाच.

प्रेमकथा मात्र रटाळ, आणि बायकांची पात्रं आज खटकतात. त्यावर लेखात दोन ओळी हव्या होत्या.